पासिंग सत्तावीस, पासिंग तीस

रात्री अकरानंतर बडनेऱ्याला किंवा बाळापूर नाक्यावर नाकाबंदी लागली की हवालदाराच्या बॅटरीचा झोत आधी ड्रायव्हरच्या तोंडावर पडत नाही, नंबर प्लेटवर पडतो. एमएच २७ म्हणजे अमरावती, ३० म्हणजे अकोला, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३७ वाशीम. घरचं पासिंग असलं की चौकशी दोन वाक्यांत उरकते. मध्य प्रदेशाचं पासिंग असेल आणि गाडी बैतूलच्या रस्त्यानं परतवाड्यात आलेली असेल, तर डिक्की उघडावी लागते. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, तेव्हापासून या डिक्क्या जरा जास्तच उघडल्या जातात.

हवालदार त्या प्लेटवरची पहिली दोन अक्षरं आणि दोन आकडे वाचतो आणि मत बनवतो. आता रस्त्यांवर येऊ लागलेलं यंत्र सगळा नंबर वाचतं, क्षणार्धात वाचतं, आणि त्याला स्वतःचं मत नसतं. कोणत्या नंबरवर घंटा वाजवायची, हे त्याला कुणीतरी आधी यादीत लिहून द्यावं लागतं. ही यादी कोण लिहितो आणि नंबर सापडल्यावर पुढचं काम कोण करतो, या दोन प्रश्नांभोवतीच गाडीच्या नंबरचा पोलिसी इतिहास फिरतो. त्यात वऱ्हाडचा वाटा वाटतो त्याहून जुना आहे.

गाडीला नंबर लावण्याची सक्ती पहिल्यांदा पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटार कायदा १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला आणि तिथल्या प्रत्येक मोटारीला नंबर आला. हिंदुस्थानात १९१४ साली मोटार वाहन कायदा झाला. तेव्हा वऱ्हाडात मोटारी अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. अमरावतीच्या कापूस बाजाराकडे येणारा माल बैलगाड्यांनी यायचा, आणि बैलगाडीचा चोर शोधायचा तर बैल ओळखावा लागे. त्या काळच्या पोलिसांना गाड्यांवर नजर ठेवायची गरजच नव्हती. ते माणसांवर नजर ठेवत.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही समाजांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या दुरुस्तीनं तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. चोरी झाली की पहिली धाड कुणाच्या पालावर पडणार हे रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेलं असे. फासेपारध्यांवर त्या कायद्यानं बसलेला शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. अमरावती, अकोल्याच्या बेड्यांवर राहणाऱ्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. ही गोष्ट इथं आडवाटेची वाटेल, पण पुढे तिचा संबंध लागतो.

मोटारी वाढल्या तसा नंबर वाढला आणि वऱ्हाडात तो राज्याबरोबर बदलतही गेला. मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. अमरावतीत जागेवरून न हललेली एखादी जुनी मोटार अशी चार राजवटींखाली राहिली. आजची पद्धत १ जुलै १९८९ ची. त्या दिवशी केंद्रीय मोटार वाहन नियम लागू झाले आणि राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन आकडे, मग मालिका आणि चार आकडे असा सगळ्या देशाचा एकच साचा ठरला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि त्याला ३७ मिळाले. नंबर वाचून जिल्हा ओळखायची सवय त्यानंतरच्या पिढीला इतकी लागली की लग्नाच्या मांडवाबाहेरच्या गाड्या बघून वऱ्हाडी कुठून आले ते पोरंसुद्धा सांगतात.

पण हा साचा तपासाच्या कामी कसा येतो, हे महाराष्ट्राला खऱ्या अर्थानं कळलं ते १२ मार्च १९९३ ला. त्या दुपारी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसं मेली. वरळीत सीमेन्स कंपनीच्या जवळ एक मारुती व्हॅन बेवारस उभी सापडली. आत एके ५६ रायफली आणि हातबॉम्ब. व्हॅनच्या प्लेटवर एमएफसी १९७२ हा १९८९ पूर्वीच्या धाटणीचा नंबर होता. तो आरटीओच्या नोंदीत शोधला तेव्हा रुबिना सुलेमान मेमन हे नाव आणि माहीमच्या अल हुसैनी इमारतीचा पत्ता निघाला. वाहतूक शाखेचे तेव्हाचे उपायुक्त राकेश मारिया यांच्याकडे हा तपास आला. घरातले लोक आधीच देश सोडून गेले होते. घरात मात्र एका स्कूटरची किल्ली सापडली आणि ती नायगावला न फुटता राहिलेल्या, स्फोटकांनी भरलेल्या स्कूटरला लागली. मेमन कुटुंबाचं नाव त्या खटल्याशी जोडलं गेलं ते एका नंबर प्लेटमुळे.

या घटनेकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढच्या तीस वर्षांत यंत्रानं जे केलं त्याची सगळी हाडं यात आहेत. नंबरनं फक्त नाव आणि पत्ता दिला. नोंदीतलं नाव गाडी चालवणाऱ्याचं असेलच असं नाही, हे तपास करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते पत्त्यावर गेले, दार उघडलं, किल्ली उचलली, ती घेऊन दुसऱ्या वाहनापाशी गेले. नंबर कोर्टात उभा राहिला तो किल्लीच्या आधारानं. यंत्रानं यातलं एकच काम पुढे सोपं केलं: नंबरापासून नोंदीपर्यंतचा रस्ता.

तो रस्ता तेव्हा फार लांबचा होता. आरटीओचं रजिस्टर जाडजूड, कापडी पाठीचं, आणि ते त्या त्या जिल्ह्यातच. अकोल्यात चोरलेली मोटारसायकल इंदूरला विकली तर दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना भेटण्याचं काही कारण नव्हतं. १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि चोरीच्या वाहनांची यादी देशपातळीवर एकत्र होऊ लागली. पण ती यादी रस्त्यावरच्या हवालदाराच्या हातात कुठून येणार? त्याच्याकडे होती बिनतारी संचावरून आलेली चार-दोन नंबरांची चिठ्ठी. ती खिशात घालून तो नाकाबंदीला उभा राही.

त्या चिठ्ठीनं काय होऊ शकतं हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दिसलं. मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाब आणि इस्माईल यांनी पळवलेल्या स्कोडा गाडीची माहिती बिनतारीवरून गेली आणि गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवरच्या पोलिसांनी ती गाडी ओळखली. वळायला गेलेली गाडी दुभाजकावर चढली. हातात लाठी घेऊन पुढे झालेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. गाडी ओळखायला वर्णन आणि नंबर पुरले. पुढचं एका माणसानं स्वतःच्या देहानं केलं.

नंबर वाचणारं यंत्र तोवर ब्रिटनमध्ये जुनं झालं होतं. तिथल्या पोलिसांच्या वैज्ञानिक शाखेनं त्यावर १९७६ साली काम सुरू केलं, १९७९ पर्यंत चालतं नमुना यंत्र तयार झालं. ए-१ रस्ता आणि डार्टफर्डचा बोगदा इथं ते बसवलं गेलं, आणि १९८१ साली यंत्रानं पकडून दिलेल्या चोरीच्या गाडीमुळे पहिली अटक झाली. यंत्राचं काम ऐकायला साधं आहे. कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, प्लेटवरचा परावर्तक थर तो परत फेकतो, त्यामुळे अंधारातही अक्षरं उठून दिसतात. मग संगणक चित्रातून प्लेटचा चौकोन कापतो, अक्षरं सुटी करतो, ओळखतो आणि यादीशी ताडतो. यादीत नंबर असेल तर इशारा देतो. नसेल तरी वेळ आणि ठिकाण नोंदवून ठेवतो. गुन्ह्याच्या तपासात पुढे या दुसऱ्या, मुक्या नोंदीचाच उपयोग जास्त झाला.

मुंबईच्या स्फोटांनंतर सहा आठवड्यांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, आयरिश अतिरेक्यांनी लंडनच्या बिशप्सगेटमध्ये ट्रकबॉम्ब उडवला. लंडननं आपल्या व्यापारी पेठेभोवती नाके उभारले आणि १९९७ पासून तिथं नंबर वाचणारे कॅमेरे लावले. मुंबईनं त्या वर्षांत खटला चालवला. दोन्ही शहरांना जवळपास एकाच वेळी मार बसला, एकानं यंत्र घेतलं आणि दुसऱ्यानं किल्ली-पंचनाम्याची वाट धरली. पैशाचा फरक होताच. पण आपल्याकडे यंत्र आणून तरी ते वाचणार काय होतं?

आपल्या नंबर प्लेटा त्या काळी चित्रकाराच्या हातच्या होत्या. ४१४१ ची ‘दादा’, २१४ चा ‘राम’, ४९१२ चा ‘पवार’, ८०५५ चा इंग्रजी ‘बॉस’. नियमात अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय हवेत असं स्पष्ट लिहिलेलं. गावात मात्र देवनागरी नंबर मिरवणारी बुलेट प्रतिष्ठेची. त्यात वऱ्हाडची काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर आहे की नाही हेच कळत नाही, तर तो वाचायचा कुठून.

सरकारनं २००१ सालीच उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा नियम केला होता. अॅल्युमिनियमची प्लेट, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांक, एकदा लावली की मोडल्याशिवाय न निघणारं कुलूप, आणि सगळ्यांची अक्षरं एकसारखी. कंत्राटं, याचिका, सर्वोच्च न्यायालयातले निकाल यात वर्षं गेली. नव्या गाड्यांना ती १ एप्रिल २०१९ पासून कंपनीतूनच लागू लागली. महाराष्ट्रानं जुन्या गाड्यांसाठी पहिली मुदत दिली ३१ मार्च २०२५ ची. मग ती एप्रिल, जून, ऑगस्ट करत वर्षअखेरीपर्यंत सरकत राहिली. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, चारचाकीला ७४५ आणि वर जीएसटी. दर परराज्यांपेक्षा जास्त असल्याची ओरड झाली, वेळ मिळत नसल्याची झाली. चोर पकडण्यासाठी ही प्लेट लागते, असं सरकार सांगत होतं. ज्याच्या दारात जुनी लुना उभी आहे त्याला ते पटवणं अवघड होतं. मला विचाराल तर या प्लेटचा खरा ग्राहक गाडीमालक नाहीच, कॅमेरा आहे. हे आधीच मोकळेपणानं सांगितलं असतं तर निदान भांडण खऱ्या मुद्द्यावर झालं असतं.

दरम्यान मोठ्या शहरांनी कॅमेरे बसवून घेतले होते. २६/११ नंतर राम प्रधान समितीचा अहवाल आला, त्यानंतर मुंबईत सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं ९४९ कोटींचं काम २०१६ च्या ऑक्टोबरात पूर्ण झालं. जर्मन बेकरी आणि जंगली महाराज रस्त्यावरच्या स्फोटांनंतर पुण्यानं बाराशेवर कॅमेरे लावले, नागपूरनं साडेतीन हजारांवर. त्यातल्या काही कॅमेऱ्यांना नंबर वाचायचं शिक्षण होतं. वाहनांच्या नोंदीही ‘वाहन’ या केंद्रीय संगणकात आल्या होत्या आणि १९९३ साली लागलेला तो लांबचा रस्ता मोबाइलच्या पडद्यावर काही सेकंदांचा झाला. २०१९ पासून राज्यभर ई-चलन एकच झालं. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुचाकीस्वाराला पोलीस दिसला नाही तरी दंडाचा एसएमएस येऊ लागला.

नंबर जितका विश्वासाचा झाला तितका खोटा नंबर कामाचा झाला. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत मुकेश अंबानींच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. तिच्यावरचा नंबर अंबानींच्याच सुरक्षा ताफ्यातल्या एका गाडीचा होता. यंत्रानं तो वाचला असता तर त्याला काहीच वावगं वाटलं नसतं. मार्चमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेनं मुंबई पोलीस दलातलेच सहायक निरीक्षक सचिन वाझे यांना अटक केली, आणि महिनाअखेरीस पाणबुड्यांनी मिठी नदीतून नंबर प्लेटा, संगणकाचे भाग आणि चित्रण साठवणारे डीव्हीआर बाहेर काढले. खटला अजून निकाली निघालेला नाही, आरोप आरोपच आहेत. पण नंबर आणि चित्रण हे दोन्ही पुरावे नदीच्या तळाशी एकत्र सापडावेत, यात या यंत्रणेची कमजोरी उघडी पडली. कॅमेऱ्याचं चित्रण अखेर कुणाच्या तरी ताब्यात असतं.

मालेगावचा खटला त्याहून कडू धडा देऊन गेला. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण मेले. स्फोटाच्या जागी सापडलेल्या मोटारसायकलवरचा नंबर खोटा, चेसिस आणि इंजिनाचे नंबर घासलेले. न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं ते काही अंशी परत मिळवले आणि तपास यंत्रणेनं त्यावरून मालकीची साखळी जोडली. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. मोटारसायकलची मालकी सिद्ध झाली नाही, चेसिस नंबर पूर्ण परत मिळालाच नव्हता, असं न्यायालयानं म्हटलं. सतरा वर्षं चाललेल्या खटल्यात नंबराचे काही आकडे कमी पडले.

वऱ्हाडच्या दोन शहरांचं नाव या गोष्टीत सरकारी कागदावर आलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. केंद्रानं मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नवा नियम घातला. वेग मोजणारे कॅमेरे, पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे, नंबर वाचणारी यंत्रं ही सगळी अधिकृत साधनं ठरली आणि देशातल्या १३२ शहरांची यादी जोडली गेली. महाराष्ट्रातली १९ शहरं, त्यात अकोला आणि अमरावती. हीच दोन शहरं हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आहेत. धूर आणि वेग दोन्हींसाठी दिल्लीला आपली आठवण यावी, हेही नसे थोडके. नियमानुसार यंत्राखाली लोकांना दिसेल असा सूचनाफलक हवा, यंत्राचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं हवं, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी. मुंबई-नागपूरच्या वाचकाला हे तपशील किरकोळ वाटतील. पण जिथं आजवर सगळा व्यवहार हवालदार आणि ड्रायव्हर यांच्या बोलण्यावर चालला, तिथं फलक आणि मुदत लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे.

शहरांच्या चौकांआधी गाड्यांच्या आपोआप नोंदीचं हे युग वऱ्हाडात आलं ते महामार्गांवरून. फास्टॅगची सक्ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री झाली आणि नांदगाव पेठच्या टोलवरून जाणारी प्रत्येक गाडी वेळेसकट नोंदली जाऊ लागली. स्थानिक गुन्हे शाखेच्या तपासात ‘टोलचं फुटेज’ हा शब्दप्रयोग रुळला. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. अकोला जिल्हा त्यावर नाही, अमरावती आहे. हा रस्ता बंदिस्त आहे, गाडी कुठं चढली आणि कुठं उतरली त्यावर टोल ठरतो. म्हणजे धामणगावला चढलेली गाडी मध्ये गायब होऊच शकत नाही. चोरासाठी असा रस्ता म्हणजे भिंत नसलेली कोठडीच.

याच रस्त्याच्या आखणीत नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथली ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा आली. फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी ती उभी केली. भीक मागणारी, रस्त्यावर फिरणारी पोरं गोळा करून तिथं शिकवली जात होती. २०१९ च्या जूनमध्ये शाळेच्या काही इमारती, वाचनालयासह, महामार्गासाठी पाडल्या गेल्या. ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी गाव सोडायला पास लागायचा, त्याच्या शाळेवरून आता असा रस्ता जातो की त्यावर प्रत्येक गाडीची नोंद राहते. मी याला काव्यात्म न्याय वगैरे म्हणणार नाही. रस्ता आखणाऱ्यांच्या मनात हे काही नसेल. पण यादी कोण लिहितो, हा सुरुवातीचा प्रश्न इथं येऊन टोचतो. २०१० साली बर्मिंगहॅममध्ये दहशतवादविरोधी पैशातून दोनशेहून अधिक कॅमेरे मुस्लिम वस्त्यांभोवती लावले गेले, त्यात नंबर वाचणारे बरेच होते. वस्तीला कळलं तेव्हा गदारोळ झाला, कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि पुढे ते काढले गेले. बर्मिंगहॅमच्या यंत्रात काही बिघाड नव्हता. ते लावायला निवडलेली गल्ली चुकीची होती. अमरावतीतली कोणती गल्ली निवडली जाईल, हे ठरवताना जुन्या रजिस्टरांची सवय हाताला आठवणारच नाही असं कुणी सांगावं?

यंत्राची बाजूही तेवढीच खरी आहे, आणि ती विदर्भातच सिद्ध झाली. राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या आयआयएमच्या साथीनं ‘मार्व्हल’ नावाची संस्था उभारली. पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणं हे तिचं काम. ९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमेचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या बाजूला मोटारसायकलवरून जाणाऱ्या जोडप्याला ट्रकनं धडक दिली. बायको जागीच गेली. मदतीला कुणी थांबेना, तेव्हा नवऱ्यानं तिचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. ट्रकचा नंबर नवऱ्याला सांगता आला नाही. ट्रक मोठा होता आणि त्यावर लाल खुणा होत्या, एवढंच.

नागपूर ग्रामीणचे अधीक्षक हर्ष पोद्दार यांच्या पथकानं तीन टोलनाक्यांचं चित्रण ‘मार्व्हल’च्या संगणकात घातलं. एका प्रणालीनं लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, दुसरीनं त्यांचा दोन नाक्यांमधला सरासरी वेग काढून अपघाताच्या वेळी तिथं कोण असू शकेल ते ताडलं. एक ट्रक उरला. छत्तीस तासांत तो ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर, सुमारे ७०० किलोमीटर दूर, पकडला गेला. इथं क्रम उलटा झाला हे लक्षात घ्यायला हवं. १९९३ साली नंबर हातात होता आणि माणूस शोधायचा होता. २०२५ साली नंबरच शोधायचा होता आणि सुरुवात झाली एका हादरलेल्या माणसाच्या आठवणीतल्या लाल रंगापासून. तो रंग त्यानं सांगितला नसता तर टोलवरून गेलेल्या ट्रकांतून हाच ट्रक यंत्रानं कसा निवडला असता?

ब्रिटनमध्ये पोलिसांच्या नोंदी बारा महिन्यांनी काढून टाकल्या जातात. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली विदा संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच कायद्यानं सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचीही सोय ठेवली. काहीच न केलेल्या गाडीची नोंद किती दिवस ठेवायची, हा प्रश्न गाडगेनगरच्या किंवा रामदासपेठेच्या ठाणेदाराला कुणी विचारत नाही. तो त्यानं सोडवायचाही नाही. विधानसभेत मात्र विचारायला हवा, आणि तोही यंत्रांची निविदा निघण्याआधी.

शेवटी पूर्णा नदी. तिच्या पात्रातून रात्रीतून रेती उपसली जाते, आणि अकोला, बुलढाण्याच्या बातम्यांत कारवाईची ओळ ठरलेली असते: ‘विनाक्रमांकाचा टिपर पकडला.’ नवा कोरा टिपर, पासिंग न केलेला किंवा मुद्दाम नंबर काढलेला. तो महामार्ग टाळतो, पांदणरस्त्यानं येतो, दिवे बंद ठेवतो. त्याच्यासाठी होलोग्राम नाही, फास्टॅग नाही, यादीत नाव नाही. कॅमेऱ्यासमोरून गेला तरी यंत्र त्याचं काहीच वाचू शकत नाही. तो अडवायला तलाठी, कोतवाल आणि ठाण्यातला एखादा शिपाई मोटारसायकलवर निघतात, आणि आधी रेतीवाल्यांचा माणूस नाक्यावर उभा नाही ना ते बघून घेतात.